न्याहारी, नाश्ता आणि भाकर

काही वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातील एका खेड्यात भरलेल्या आरोग्य शिबिरास उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. तपासणीपूर्वी प्रत्येक महिलेची माहिती एका छापील तक्त्यात भरून घेतली जात होती. त्यात एक प्रश्न असा होता : "सकाळी नाश्ता करता काय?" बहुतेक जणींनी "नाही" असे उत्तर दिले आणि त्या रकान्यात 'नाही'ची रांगच लागली. पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंना सहज विचारले, "मग दहा वाजेपर्यंत उपाशीच असता का?" त्यांना हसू आवरेना. "उपाशी कशाला राहीन? दोन भाकरी खाऊन आले की! नाष्टा कुठला आमच्यात, साहेब."

बाईंचे उत्तर अगदी बिनचूक होते. त्यांच्या लेखी 'नाष्टा' म्हणजे बसस्थानकासमोरच्या हॉटेलात मिळणारे पोहे किंवा पाहुणे आले असता केला जाणारा उपमा. सकाळी चुलीपुढे बसून खाल्लेली भाकर हे त्यांचे जेवण. तिला वेगळे नाव देण्याचे त्यांना कारण पडले नव्हते. तक्ता तयार करणारांच्या आणि उत्तर देणारांच्या शब्दांत असा फरक पडल्यामुळे, ज्वारीची भाकर, वरण आणि शेंगदाण्याची चटणी असा भरभक्कम आहार घेऊन आलेल्या स्त्रिया कागदावर मात्र अनशापोटी राहिल्या.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सकाळच्या खाण्याचे पदार्थ जितके आहेत, त्याहून त्यांची नावे अधिक आहेत. ही नावे कोठून आली, हे पाहू लागले असता या भूभागाचा शे-दोनशे वर्षांचा इतिहास आणि त्याच्या शेजाऱ्यांची ओळख आपोआप होत जाते.

एकाच अर्थाचे दोन शब्द

आरंभ या शब्दांपासूनच करावा. 'नाश्ता' हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ 'सकाळपासून काही न खाल्लेला' असा आहे. आपला ग्रंथांतरी रुळलेला 'न्याहारी' हा शब्दही फारसी 'नहार'शी जोडला जातो आणि त्याचाही अर्थ तोच, अनशापोटी असलेला. दखनी बोलीत आजही 'नहार मुँह' म्हणजे काही न खाता. रिकाम्या पोटाचे नाव पुढे ते पोट भरणाऱ्या खाण्यास लाभले. हैदराबादेत आणि हैदराबादच्या प्रभावाखालील शहरांत 'नहारी' म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजविलेला, भल्या पहाटे कुलच्याबरोबर खावयाचा मांसाचा रस्सा. बांधावर बसून कांदा-भाकर खाणाऱ्या शेतकऱ्याची न्याहारी आणि शहरातल्या कारागिराची नहारी यांचे पदार्थ वेगळे असले, तरी शब्दाचे कूळ एकच आहे.

'फराळ' या शब्दाची तऱ्हा याहून निराळी. फलाहारापासून निघालेल्या या शब्दाचा संबंध उपवासाशी. पण दिवाळीत तोच शब्द करंजी-चकलीच्या ताटाला लागतो. उपवासाच्या दिवशी मराठवाड्यात 'भगर' शिजते. तिलाच पुण्याकडे वरीचे तांदूळ म्हणतात. नव्याने बदलून आलेल्या कर्मचाऱ्याने नांदेडच्या किराणा दुकानात वरीचे तांदूळ मागितले, तर दुकानदार त्याच्याकडे क्षणभर पाहतच राहतो.

भाकर आणि तिचा परिवार

पुण्या-मुंबईची 'भाकरी' मराठवाड्यात 'भाकर' होते. सीमेपलीकडे कर्नाटकात ती 'जोळद रोट्टी' आणि तेलंगणात 'जोन्न रोट्टे' असते. पीठ तेच, तवा तोच आणि थापण्याची रीतही बहुतांशी तीच. गुजरातेत मात्र 'भाखरी' म्हणून जी मिळते ती गव्हाची व कडक. नावाच्या साम्याने माणूस कसा फसतो, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यामुळे तिची पोळी लाटता येत नाही. पीठ गरम पाण्यात मळून, हातावर किंवा परातीत थापून, पाण्याचा हात फिरवून भाजावे लागते. हे कौशल्य मायलेकींच्या परंपरेने चालत आलेले आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतुमय पदार्थ असतात. सकाळी आठला खाल्लेली भाकर दुपारी एकपर्यंत दम का धरते, याचे उत्तर बव्हंशी या तंतूंत आहे. निंदणी-खुरपणीस जाणाऱ्या स्त्रीला पोह्यांची बशी पुरत नाही, हा तिचा अनुभव आहारशास्त्राशी जुळणारा आहे.

भाकरीच्या तोंडी लावण्याच्या वस्तूंतही नावांची गंमत आहे. हिरव्या मिरचीचा 'ठेचा' कोल्हापुराकडे 'खर्डा' होतो. तेलात लसूण व शेंगदाणे परतून त्यावर लाल तिखट घातले की मराठवाड्यात त्यास 'भुरका' म्हणतात, आणि तो नुसत्या नावानेही तोंडाला पाणी आणतो. वरणाची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. पुण्याकडे वरण म्हणजे हिंग-हळदीचे, साधे, भातावर वाढावयाचे; तिखट-मसाल्याचे झाले की ती आमटी. इकडे खमंग फोडणीचे, भाकर कुस्करून खावयाचे घट्टसर वरण हेही 'वरण'च. रुग्णास "वरण-भात द्या" असा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी कोणते वरण, हे सांगितलेले बरे.

रात्रीची भाकर उरली तर ती वाया जात नाही. तिचे तुकडे करून कांदा-मिरचीची फोडणी दिली की 'कुटके' होतात. कुटका म्हणजे तुकडा. भाकर दळदार व कोरडी असल्याने फोडणीतील तेल-तिखट ती चांगले शोषून घेते, हे ज्यांनी खाल्ले आहे त्यांना सांगावयास नको. तथापि पाहुण्यांसमोर कुटके ठेवण्यास गृहिणी संकोचतात. शिळ्याची लाज आपल्याकडे नावालाही चिकटलेली असते.

भरडलेल्या ज्वारीचा परिवारही मोठा आहे. कण्या शिजवून त्यात ताक घातले की 'ताककण्या'. पीठ ताकात आंबवून शिजविले की 'आंबील'. कन्नड व तेलुगू भाषांत 'अंबली' हे तिचेच जवळचे रूप होय. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात, विदर्भाच्या वाऱ्याने, कण्यांचा 'घाटा' होतो. सीमेपलीकडे तेलंगणात 'गटका' हे नाव ऐकू येते आणि गोंड वस्त्यांत पातळ पेजेला 'जावा' म्हणतात. पन्नास कोसांच्या टापूत एका धान्याच्या पेजेची ही पाच नावे आहेत.

धपाटे म्हणजे थालीपीठ नव्हे

भरड धान्यांच्या एका प्रदर्शनात 'ज्वारीचे थालीपीठ' असा फलक पाहून एक आजीबाई म्हणाल्या, "हे तर धपाटं हाय." फलक लिहिणारास हा किरकोळ शब्दभेद वाटला. वस्तुतः दोहोंत पाककृतीचा फरक आहे. थालीपीठ भाजणीचे, म्हणजे धान्ये व डाळी आधी भाजून दळलेल्या पिठाचे असते. ते जाडसर थापून मध्ये भोके पाडतात व त्यांत तेल सोडतात. धपाट्याचे पीठ न भाजता दळलेले. ज्वारीच्या पिठात थोडे हरभऱ्याचे व गव्हाचे पीठ मिसळतात, ते ज्वारीला बांधून ठेवते. लसूण, तिखट, ओवा, तीळ आणि असेल तर मेथी किंवा कोथिंबीर घालून दही-ताकात भिजविलेले हे पीठ ओल्या फडक्यावर अगदी पातळ थापावयाचे, फडक्यासकट तव्यावर उलटे टाकावयाचे आणि फडके अलगद सोडवून घ्यावयाचे. थापताना होणाऱ्या आवाजावरूनच 'धपाटे' हे नाव पडले असावे. पाठीत बसतो तोही धपाटाच. दह्यात भिजविल्याने ते दोन दिवस टिकते. म्हणून पंढरीच्या वाटेवर आणि माहूरच्या यात्रेत शिदोरीस धपाटेच असतात.

तेलंगणातील 'सर्वपिंडी' ही धपाट्याची दूरची बहीण शोभेल. मात्र ती तांदळाच्या पिठाची, डाळ-शेंगदाणे घातलेली आणि खोलगट भांड्याच्या आतल्या बाजूस थापून भाजलेली असते. धान्य बदलले, भांडे बदलले. पण पिठात डाळ व तिखट मिसळून एकाच पदार्थात जेवण उरकण्याची युक्ती तीच राहिली.

सुशीला

लातूर-नांदेडकडील घरी नव्याने आलेल्या जावयास "सुशीला खाणार का?" असे विचारल्यावर तो गोंधळल्याचे विनोद मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. सुशीला म्हणजे मुरमुऱ्यांचा उपमा. मुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळून घेतात. मोहरी, जिरे, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची व कांद्याच्या फोडणीत ते परततात आणि वरून शेंगदाण्याचे व फुटाण्याच्या डाळीचे कूट, लिंबू, कोथिंबीर घालतात. दहा मिनिटांत होणारा, पोह्यांहून हलका आणि कुटामुळे पोटाला आधार देणारा हा पदार्थ आहे. मुरमुरे जास्त वेळ भिजले तर त्याचा लगदा होतो, एवढीच काय ती दक्षता.

उत्तर कर्नाटकात या पदार्थाला 'सुसला' म्हणतात. मराठी तोंडाने अनोळखी 'सुसला'ला ओळखीची 'सुशीला' करून घेतले असावे, असे मानण्यास जागा आहे. रायलसीमेतील 'उग्गाणी' हाही असाच भिजविलेल्या मुरमुऱ्यांचा प्रकार. मुरमुऱ्यांना तरी एक नाव कोठे आहे? मराठवाडा-विदर्भात मुरमुरे, कोल्हापूर-साताऱ्याकडे चुरमुरे, मुंबई-कोकणात कुरमुरे, आणि कर्नाटकात मंडक्की. पहिली तिन्ही नावे दाताखाली होणाऱ्या आवाजाची आहेत. प्रत्येक प्रांताच्या कानाने तो आवाज निराळा ऐकला, इतकेच.

येणे-जाणे एकाच बाजूने होते, असे मात्र कोणी समजू नये. 'फुटणे' या क्रियापदावरून झालेला आपला 'फुटाणा' तेलुगूत 'पुट्नालु' आणि कन्नडमध्ये 'पुटाणी' होऊन बसला आहे.

सीमा आणि शिधा

या सरमिसळीचे कारण नकाशात आहे. १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी, तेलुगू व कन्नड भाषिक जिल्हे एका राजवटीत नांदत होते आणि कचेरीची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली तेव्हा आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून इकडे आले. किनवटचा भाग आदिलाबादमधून नांदेडला जोडला गेला, तर भैंसा-मुधोळ व बिचकुंदा-जुक्कल हे भाग तिकडे गेले. पुढे १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. सीमा कागदावर ओढल्या गेल्या, परंतु सोयरिकी आणि चुली होत्या तेथेच राहिल्या. देगलूरच्या घरात सासूचे माहेर तेलुगू मुलखात आणि सुनेचे कन्नड मुलखात असणे, यात कोणास नवल वाटत नाही.

किनाऱ्यावरच्या महाराष्ट्राशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तेथे पोर्तुगीजांबरोबर आलेला 'बटाटा' त्याच नावाने रुळला. 'पाव' आणि 'पेरू' हेही त्यांच्याच भाषेशी नाते सांगणारे शब्द. मराठवाडा समुद्रापासून दूर आणि हैदराबादला जवळ. म्हणून येथे बटाटा 'आलू' झाला, बटाटावडा 'आलूबोंडा' झाला आणि पेरू 'जांब' झाला. तेलुगूत पेरूला 'जाम'च म्हणतात. नांदेडहून विदर्भाच्या हद्दीत गेले की आणखी एक धक्का बसतो. तेथे 'सांबार' म्हणजे कोथिंबीर! इडलीबरोबर सांबार मागणाऱ्या पाहुण्यापुढे पूर्वी कोथिंबिरीची जुडी ठेवली गेली नसेलच, याची खात्री देववत नाही.

इडली ही अलीकडची दाक्षिणात्य पाहुणी आहे, असा आपला समज असतो. पण कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'इडरिका' व 'धोसक' या पदार्थांचा उल्लेख आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, निलंगा-उमरग्याच्या सीमेपलीकडे लागूनच असलेले. 'उप्पीट' हा शब्दही कन्नडच. उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. मिठाचे पीठ ते उप्पिट्टु.

जुन्या नांदेडमधील दखनी बोलणाऱ्या घरांत सकाळी सकाळी खिचडी शिजते, तीही हैदराबादच्या रिवाजाने : मसूरडाळीची पिवळी खिचडी, जोडीला खिमा आणि चिंच-तिळाचा 'खट्टा'. पुण्याकडे खिचडी म्हणजे रात्रीचे हलके जेवण किंवा उपवासाचा साबुदाणा; येथे ती दिवसभराच्या कष्टाची तरतूद असते.

याच शहरात तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये येथे देह ठेवला. लंगरमध्ये पंगतीत बसलेल्यास वाढली जाणारी पोळी 'परशादा' म्हणून वाढली जाते व घेणारा ती दोन्ही हात पुढे करून घेतो. निहंग शिखांच्या बोलीत तर भाजलेल्या चण्यांना 'बदाम' म्हणतात. रानावनात मोहिमेवर असलेल्या फौजेने मुठीतल्या चण्यांना दिलेले हे नाव आहे. कुटके पाहुण्यांपुढे ठेवण्यास संकोचणाऱ्या आपल्या गृहिणींना ते ऐकवावेसे वाटते.

येळवस

न्याहारी नव्हे, पण शेतातल्या खाण्याचा विषय निघाला की लातूरकर 'येळवशी'वर येतोच. मार्गशीर्षाच्या अमावास्येस सारे गाव शेतात जाते, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि पंगती बसतात. प्रशासनही या दिवशी स्थानिक सुट्टी देत आले आहे. लिहिताना आपण 'वेळ अमावास्या' असे लिहितो. मूळ कन्नड शब्द 'एळ्ळ अमावास्ये', म्हणजे तिळाची अमावास्या. 'एळ्ळु'ची 'वेळ' झाली आणि मराठी माणूस अर्थ लावीत बसला. तिळाची पोळी अद्यापि त्या दिवशी होते, तेवढा पुरावा ताटात शिल्लक आहे.

या दिवसाचा मुख्य पदार्थ 'भज्जी'. पुणेकर पाहुणा कांदाभजी मिळणार म्हणून सरसावून बसतो आणि त्याच्या पानात पडते ती तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे हिरवे दाणे व हंगामातील पालेभाज्या चिंचेच्या कोळात व बेसनात शिजविलेली दाट भाजी. सोबत बाजरीचे वाफविलेले उंडे, गव्हाची खीर आणि माठातली आंबील. पहिल्या घासाला झालेली निराशा दुसऱ्या घासाला उरत नाही.

दुष्काळाने दिलेले शब्द

सगळीच नावे कौतुकाची नाहीत. १९७२-७३ च्या दुष्काळाने मराठवाड्याच्या बोलीला तीन शब्द दिले. 'मिलो' म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. 'सुकडी' म्हणजे दुष्काळी कामांवर मजुरांना व मुलांना मिळालेला पोषक कोरडा खाऊ. गुजरातेत 'सुखडी' हे तूप-गुळाच्या वडीचे नाव आहे, येथे तो दुष्काळाचा शब्द झाला. तिसरा 'हायब्रीड'. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले आणि पाठोपाठ आणखी आली. त्यांनी कोठारे भरली हे खरे. पण खरिपाची ही ज्वारी ऐन काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडे. 'हायब्रीडची भाकर' हा शब्दप्रयोग कमी प्रतीच्या अन्नासाठी रूढ झाला. त्या काळी बालपण गेलेल्या वडीलधाऱ्यांसमोर सुकडीचे नाव काढावे. काही गोडीने आठवण सांगतात, काही विषय बदलतात.

पुढे या दोन्ही जिल्ह्यांतील खरिपाच्या ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली. सोयाबीन विकले जाते, ते घरच्या चुलीवर चढत नाही. ज्वारी विकत घेणे भाग पडू लागले, तशी सकाळची भाकर पोळीला आणि पोळी चहा-बिस्किटाला जागा देऊ लागली. थापण्याची कला ज्या मुलींना आली नाही, त्यांच्या घरातून भाकर गेली आणि तिच्यामागोमाग कुटके, ताककण्या, आंबील हे शब्दही गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' यांसारखी रब्बी ज्वारीची वाणे दिलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यापासून ज्वारीविषयी शहरी ग्राहकांत कुतूहल वाढले आहे. २०२४ मध्ये जालन्याची दगडी ज्वारी, तसेच लातूर जिल्ह्यातील बोरसुरी तूरडाळ, पटडी चिंच व काष्टी कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या किंवा वाणाच्या नावाला यामुळे कायद्याचे संरक्षण लाभते. दुसऱ्या ठिकाणची डाळ 'बोरसुरी' म्हणून विकता येत नाही.

पदार्थांच्या नावांना असे संरक्षण नाही. ती जेथे बोलली जातात तेथेच टिकतात. अंगणवाडीच्या भिंतीवरील तक्त्यात आणि शालेय पोषण आहाराच्या पाककृती-पुस्तिकेत स्थानिक नावे आली, तर मुलांना आपल्या घरचा पदार्थ तेथे ओळखता येईल. किनवटमध्ये घाटा, देगलूरमध्ये सुशीला, निलंग्यात धपाटे असे लिहिण्यास वेगळा खर्च येत नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या शिबिरात दुपारनंतर एका परिचारिका ताईंनी छापील प्रश्न बाजूला ठेवला आणि "आज सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं?" असे विचारण्यास सुरुवात केली. भाकर-वरण, ताक-कण्या, कालच्या भाकरीचे कुटके, धपाटं अशी उत्तरे येऊ लागली. दोघींनी फक्त चहा सांगितला. खरोखर उपाशीपोटी आलेल्या त्या दोघीच होत्या आणि सकाळच्या 'नाही'च्या रांगेत त्या कोणाच्याही लक्षात आल्या नसत्या.